लोकरवाल्यांची थडगी

इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात पेन्सविक नावाचे टुमदार गाव आहे. तेथील सेंट मेरी चर्चचे आवार मला स्मशान मुळी वाटलेच नाही. एखाद्या रसिक सरदाराची बागच वाटली! नीट कातरलेले यू वृक्ष आणि त्यांच्या सावलीत सतराव्या-अठराव्या शतकांतली कोरीव दगडी थडगी. काही पेटाऱ्यासारखी, तर काही उभ्या गोल डब्यासारखी. या गोल थडग्यांना गावकरी चक्क ‘चहाचे डबे’ म्हणतात. अंगावर पानाफुलांची नक्षी, कोपऱ्यांतून गुबगुबीत गालांचे देवदूत.

हा डामडौल राजेरजवाड्यांचा नव्हे, कापडवाल्यांचा. येथल्या ओढ्यांवर लोकरी कापड कुटून घट्ट करणाऱ्या पाणचक्क्या चालत. शेजारच्या स्ट्राउड खोऱ्यातले तांबडे कापड तर नामांकित. ईस्ट इंडिया कंपनी इंग्लंडचे असले लोकरी कापड हिंदुस्थानात आणून विकी. पेशवाईच्या कागदांतून भेटणारी बनात ती हीच जातकुळी.

लोकरीची सत्ता मेल्यावरही सुटत नसे. धंदा तगावा म्हणून पार्लमेंटने १६६६ साली कायदा केला आणि १६७८ साली तो कडक केला: प्रेताला कफन लोकरीचेच हवे! तसे शपथेवर सांगावे लागे. नाहीतर पाच पौंड दंड. त्यातला निम्मा गावच्या गरिबांना, निम्मा चुगली करणाऱ्याला. तागाच्या तलम वस्त्रातच पुरून घ्यायची हौस असलेल्या श्रीमंतांनी यावरही तोड काढली. चुगली घरातल्याच माणसाने करायची, म्हणजे अर्धा दंड घरात! (व्यापारी डोके सगळीकडे सारखेच.) हा कायदा १८१४ साली रद्द झाला.

ऑक्सफर्डशायरमधल्या बर्फर्डला थडग्यांच्या माथ्यावर खाचा पाडलेले अर्धगोल दगड आडवे ठेवलेले दिसतात. ते लोकरीचे गठ्ठे, असे लोक सांगतात. काही जाणकार मात्र त्यात प्रेतपेटीवरचे आच्छादन पेलणारा सांगाडा पाहतात. मला आपले गठ्ठेच पटतात.

पण ज्या बायाबापड्यांनी घरोघर सूत कातले, ज्या विणकरांनी मागावर पाठी मोडल्या, त्यांच्या वाट्याला असला दगड कुठून येणार? मालकांची नावेसुद्धा आता पुसट झाली आहेत. इथला चुनखडीचा दगड पावसापुढे फार टिकत नाही.

पेन्सविकच्या बऱ्याच थडग्यांचे श्रेय ब्रायन नावाच्या पाथरवट घराण्याला देतात. त्यांतला जॉन ब्रायन १७८७ साली वारला. तोही याच आवारात आहे. त्याच्यावर मात्र ना वेल, ना देवदूत. नुसता एक दगडी पिरॅमिड.