मेणवलीची घंटा आणि सागरतळीचा ख्रिस्त

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांना पाणी म्हटले की कृष्णा आठवते. वाईचे घाट आठवतात, माहुलीचा आणि हरिपूरचा संगम आठवतो. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे नदीवर दगडी घाट आहे आणि तेथे एक थोर घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला कवेत घेतलेली पवित्र मरिया असून 1707 हे साल आहे. 1739 साली वसई जिंकल्यावर मराठ्यांनी तेथून ज्या घंटा आणल्या, त्यांपैकी ही एक.

मुलांना घेऊन आम्ही तेथे जातो तेव्हा घंटेपुढे ती फार वेळ थांबत नाहीत. पाण्याखालच्या पायऱ्यांच्या सांदीत शिरणारे मासे त्यांना अधिक प्रिय. घाट बांधणाऱ्यांच्या मनात मासे नसतील. माशांनी ती सोय आपली आपणच करून घेतली. एकदा एका मुलीने विचारले, "फादर, ही घंटा पाण्यात सोडली तर मासे तिच्यात राहतील का?" तिला जे उत्तर दिले तेच येथे थोड्या विस्ताराने मांडतो, कारण घंटा खरोखरच पाण्याखाली गेल्याची हकीकत इटलीच्या किनाऱ्यावर घडलेली आहे.

जेनोआ शहराच्या पूर्वेस सान फ्रुत्तुओसो नावाचा चिमुकला उपसागर आहे. डोंगराच्या कुशीत एक प्राचीन मठ आणि पुढे निळे पाणी. 1947 साली दारिओ गोंझात्ती हा पाणबुडा तेथे मरण पावला. पाठीवर श्वसनयंत्र बांधून समुद्रात उतरणाऱ्या अगदी पहिल्या इटालियनांपैकी तो एक होता. समुद्राने नेलेल्यांना बहुधा थडगे लाभत नाही. तेथे तळाशी ख्रिस्ताची मूर्ती उभारावी, ही कल्पना पाणबुडा दुइलिओ मार्कान्ते याची. मूर्ती घडविली शिल्पकार गुइदो गाल्लेत्ती याने. परंतु तिचे कासे आले लोकांच्या घरांतून. कोणी जहाजाची घंटा दिली, खेळाडूंनी आपली पदके दिली, आणि समुद्रात मुलगे गमावलेल्या मातांनी त्यांची जपून ठेवलेली पदके भट्टीसाठी दिली. अडीच मीटर उंचीची, दोन्ही बाहू वर उभारलेली ती मूर्ती 22 ऑगस्ट 1954 रोजी सुमारे 17 मीटर खोल पाण्यात विराजमान झाली.

काशात तांबे असते आणि तांबे समुद्रातील जीवांना मानवत नाही. म्हणूनच पूर्वी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकीत. तरीही अर्धशतकात सागरी वनस्पती आणि कवचधारी जीव मूर्तीवर वस्ती करून राहिले. गंज चढला, एका नांगराच्या आघाताने हात निखळला. 2003 साली मूर्ती वर काढण्यात आली. हात जोडला, वाढलेले सारे खरवडून काढले, आणि 17 जुलै 2004 रोजी नव्या चौथऱ्यावर ती परत तळाशी गेली.

हे प्रथम वाचले तेव्हा आम्हाला ते खरवडणे रुचले नव्हते. ज्यांना प्रभूच्या खांद्यावर आसरा मिळाला, त्यांना हुसकावण्याचा अधिकार कोणाला? पुढे त्या मातांचा विचार मनात आला आणि आमचा आवेश ओसरला. मुलाचे पदक देणाऱ्या आईला त्या मुखाची ओळख पुसली जावी असे कसे वाटेल? हात तर जोडावाच लागणार होता. उरलेल्या प्रश्नाचा निकाल आम्हाला अद्याप लावता आलेला नाही.

याच मूर्तीची एक प्रतिकृती कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर आहे. 1961 साली 'बियांका सी' या इटालियन जहाजाला तेथील बंदरात आग लागली. बेटावरील लोकांनी आपल्या होड्या घालून शेकडो प्रवाशांना वाचविले. त्या उपकाराची फेड म्हणून ती मूर्ती आली आणि सेंट जॉर्जेस बंदराच्या काठावर उभी राहिली. 2004 च्या वादळात हे बेट उद्ध्वस्त झाले. त्यानंतर, 2006 साली, जेसन डीकेअर्स टेलर या शिल्पकाराने तेथील मोलिनेअर उपसागरात पाण्याखाली शिल्पोद्यान उभारले. हातात हात घालून वर्तुळात उभी असलेली मुले हे त्यातील प्रसिद्ध शिल्प. बेटावरील मुलांच्याच अंगावरून त्याचे साचे घेतले होते. येथे मात्र सागरी जीवांनी वस्तीला यावे, हा हेतू आरंभापासून होता. साध्या सिमेंटमधील क्षार कोवळ्या पोवळ्यांना बाधतो, म्हणून टेलरची शिल्पे खास सौम्य सिमेंटची असतात. मेक्सिकोतील कान्कुन येथे 2009 पासून त्याने शेकडो पुतळे उभे केले, तेही बहुतांशी आसपासच्या गावकऱ्यांच्या साच्यांतून. आज त्या चेहऱ्यांवर पोवळी आणि स्पंज यांचे थर चढले आहेत. आपल्या लेकराचे नाक कोणते हे त्या आयांना आता सांगता येणार नाही. पण तसे होणार, हे येथे आधीच ठरलेले होते.

आपल्या महाराष्ट्रात शिल्पे नव्हेत, परंतु याच हेतूने 2022 साली मुंबईच्या वरळी कोळीवाड्यासमोर 210 सांगाडे समुद्रात सोडण्यात आले. जुने काँक्रीट आणि पोलाद पुन्हा वापरून ते घडविले होते. कोळी बांधवांच्या दृष्टीने मूर्तीपेक्षा माशांची पैदास महत्त्वाची, हे समजण्याजोगे आहे.

सान फ्रुत्तुओसोचा परिसर 1999 पासून संरक्षित सागरी क्षेत्र आहे. दरवर्षी जुलैच्या अखेरीस तेथे रात्री किनाऱ्यावर मिस्सा होते. नंतर पाणबुडे दिवे घेऊन उतरतात आणि समुद्रात मेलेल्यांच्या नावाने प्रभूच्या पायाशी पानांचा मुकुट ठेवून वर येतात.