वाळूच्या कणावरून डोंगराचा पत्ता कसा शोधतात?

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजार परिसरात काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. हा बेसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. तो झिजून झालेल्या वाळूत त्याचेच काळपट तुकडे जास्त असतात. उद्या हे पठार झिजून गेलं आणि ही वाळू दबून तिचा दगड झाला, तरी त्या दगडावरून इथे लाव्हा होता हे कळेल.

भूशास्त्रज्ञ नेमकं हेच करतात. वालुकाश्माचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तीनशे ते पाचशे कण मोजतात. क्वार्ट्झ किती, फेल्डस्पार किती, खडकांचे तुकडे किती? काम कंटाळवाणं, पण उत्तर मोठं. डिकिन्सन आणि सुचेक यांनी १९७९ मध्ये हे प्रमाण त्रिकोणी आलेखावर मांडलं. जवळपास सगळा क्वार्ट्झ असेल तर वाळू जुन्या, स्थिर खंडाची. लाव्ह्याचे तुकडे भरपूर असतील तर ज्वालामुखींच्या रांगेची.

पृथ्वीच्या कवचाचे काही तुकडे एकीकडे तयार होऊन दुसरीकडे येऊन चिकटलेत. त्यांना टेरेन म्हणतात. दोन टेरेन दूर असतात तोवर प्रत्येकाची वाळू वेगळी. ज्या थरापासून एकाच्या वाळूत दुसऱ्याचे कण दिसू लागतात, त्या काळापर्यंत दोघं शेजारी आलेले असतात.

यात एक खोच आहे. उष्ण, दमट हवेत फेल्डस्पार कुजून त्याची माती होते आणि क्वार्ट्झच उरतं. मग ज्वालामुखी नसलेल्या डोंगराची वाळूही स्थिर खंडाची वाटते. म्हणून आता झिरकॉन या चिवट खनिजाचं वयही युरेनियम-शिसे पद्धतीने काढतात.

हिंगोलीच्या उत्तर सीमेवरची पैनगंगा पुढे चंद्रपूरकडे जाते. तिथे लाव्हा संपतो आणि गोंडवाना काळातले वालुकाश्म उघडे पडतात, कोळशाच्या थरांसकट. कामठीच्या नावाचा वालुकाश्म यातलाच, साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीचा. आजची प्राणहिता-गोदावरी आग्नेयेला वाहते. या दगडांमधल्या तिरप्या थरांवरून मात्र तेव्हाच्या नद्या उत्तर-वायव्येकडे वाहत होत्या असं दिसतं. म्हणजे उंच प्रदेश दक्षिण-आग्नेयेला होता, आणि त्या काळी भारताच्या पूर्व किनाऱ्याला समुद्र नव्हता, अंटार्क्टिका चिकटलेला होता.