हिमालयातलं तपकिरी अस्वल : 'यती' म्हणून गाजलेला हा प्राणी आज संकटात का आहे?

मे २०१९ मध्ये लडाखमधल्या द्रासचा एक व्हिडिओ देशभर व्हायरल झाला होता. उभ्या कड्यावर चढायची धडपड करणारं एक अस्वल, त्याला दगड मारणारी माणसं आणि पाय निसटून थेट खाली नदीत कोसळणारं ते अस्वल. लोकांनी संताप व्यक्त केला, व्हिडिओ शेअर केला. पण हे अस्वल कोणतं, असा प्रश्न फार थोड्यांना पडला.

ते होतं हिमालयीन तपकिरी अस्वल. मेळघाट, ताडोबातलं आपलं काळं अस्वल वेगळं. छातीवर चंद्रकोर असलेलं हिमालयातलं काळं अस्वलही वेगळं, ते जंगलात राहतं. तपकिरी अस्वलाचा मुक्काम त्याच्याही वर, झाडं संपतात तिथल्या उघड्या कुरणांत. अंगावर फिकट वाळूसारखे किंवा लालसर केस असतात. गवत, कंदमुळं, फळं हा मुख्य आहार. जोडीला मार्मोटसारखे छोटे प्राणी आणि संधी मिळाली तर मेंढपाळांच्या मेंढ्याही. संघर्षाची सुरुवात इथूनच होते.

आता यतीचं काय? २०१७ मध्ये संशोधकांनी 'यतीचे' म्हणून जपून ठेवलेले केस, हाडं, कातडी अशा नऊ नमुन्यांचा डीएनए तपासला. आठ नमुने अस्वलांचे निघाले, त्यात हिमालयीन तपकिरी अस्वलही होतं. नववा नमुना चक्क कुत्र्याचा!

भारतात ही अस्वलं ५०० ते ७५० असावीत असा अंदाज आहे. जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंडात ती विखुरलेली आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने शिकारीला पूर्ण बंदी आहे. तरी संख्या पटकन वाढत नाही, कारण मादी फार उशिरा आई होते. पाकिस्तानातल्या देवसाई पठारावरच्या अभ्यासात पहिली वीण साधारण आठव्या वर्षी आणि दोन वेतांत पाचहून अधिक वर्षांचं अंतर दिसलं. म्हणजे एक मादी मेली, तर तिची जागा भरून निघायला कित्येक वर्षं जातात. त्याच देवसाईत १९९३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा वीसही अस्वलं उरली नव्हती. पहारा आणि स्थानिकांच्या मदतीने २००६ पर्यंत ती चाळिशीपार गेली. तेरा वर्षांत जेमतेम दुप्पट, पण या प्राण्यासाठी हे मोठंच यश.

पुढची अडचण हवामानाची. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार २०५० पर्यंत पश्चिम हिमालयातला या अस्वलांचा सुमारे ७३ टक्के अधिवास नाहीसा होऊ शकतो.

आणि एक अडचण पर्यटकांनी तयार केलेली आहे. काश्मीरमधल्या सोनमर्गजवळ अस्वलांच्या विष्ठेत प्लास्टिक आणि चॉकलेटची वेष्टनं सापडली आहेत. शीतनिद्रेआधी चरबी साठवायला कुरणं पालथी घालणारी अस्वलं तिथे कचऱ्याच्या ढिगाकडे वळली आहेत.