वऱ्हाडचा युवराज आणि आपला सातबारा

आज इतिहासातली एक गोष्ट सांगते. ती आहे आपल्याच मुलखाच्या नावाची, पण आपल्या गावात ती फारशी कोणी सांगत नाही.

वऱ्हाडचा युवराज कोण होता, असं कोणी विचारलं तर तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठला आलाय युवराज? पण १९३६ साली इंग्लंडच्या राजाच्या मंजुरीनं एका माणसाला तसा किताब मिळाला होता. इंग्रजी कागदात त्याला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणत. बेरार म्हणजे आपलं वऱ्हाड. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे त्याचे तेव्हाचे चार जिल्हे. हा युवराज राहायचा हैदराबादला. त्याचं नाव आझम जाह. हैदराबादचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान, त्याचा हा थोरला मुलगा.

हैदराबादच्या मुलाला वऱ्हाडचं नाव का मिळालं? त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

वऱ्हाड आधी निजामाच्या राज्यात होतं. निजामाला इंग्रजांच्या सांगण्यावरून एक फौज पोसावी लागे. तिचा पगार थकत गेला आणि कर्ज चढत गेलं. १८५३ साली तह झाला आणि त्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. सावकाराकडे वावर गहाण पडावं, तसं. कापसाची काळी जमीन होती ही. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ असं लोक उगीच म्हणत नव्हते. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता, आणि तो इथे पिकत होता.

गहाण पडलेलं वावर सुटणं किती कठीण असतं, ते आपल्याला सांगायला नको. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी निजामाशी नवा करार केला. इंग्रजांनी निजामाला वर्षाला २५ लाख रुपये द्यायचे आणि वऱ्हाड कायमच्या मक्त्यानं आपल्याकडे ठेवायचं. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि कारभार नागपूरहून चालू लागला. आपल्या जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत. १९०५ साली त्याचं नाव यवतमाळ झालं.

म्हणजे बघा, कागदावर मालक निजाम, वहिवाट इंग्रजांची, आणि राबणारे आपले आजे-पणजे. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

सातवा निजाम गादीवर आल्यावर त्यानं वऱ्हाड परत मागितलं. १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी त्याला स्पष्ट पत्र लिहिलं, की हिंदुस्थानात इंग्लंडच्या राजाची सत्ता सगळ्यांच्या वर आहे, कोणताही संस्थानिक बरोबरीनं वाद घालू शकत नाही. जमीन काही परत मिळाली नाही. मग ऑक्टोबर १९३६ मध्ये पुन्हा करार झाला. वऱ्हाडवर निजामाचा हक्क आहे, एवढं इंग्रजांनी मान्य केलं, कारभार मात्र स्वतःकडेच ठेवला. निजामाच्या पदवीत ‘हैदराबाद आणि बेरार’ असं आलं, आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. जमीन दिली नाही, जमिनीचं नाव दिलं.

हा किताब इंग्लंडच्या एका जुन्या रिवाजासारखा होता. तिथल्या राजाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणतात. वेल्स हा इंग्लंडच्या शेजारचा डोंगराळ मुलूख. इंग्लंडच्या राजानं तो लढाई करून जिंकला आणि १३०१ साली त्याचं नाव आपल्या मुलाला दिलं. तेव्हापासून ही रीत चालू आहे.

या रिवाजात मुलीचं काय? राणी एलिझाबेथचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिच्या वडिलांना दोन मुलीच होत्या, मुलगा नव्हता. एलिझाबेथ थोरली. पुढे १९५२ साली ती राणी झाली आणि सत्तर वर्षं गादीवर राहिली. पण ती वारस असतानाही तिला वेल्सचा हा किताब कधी मिळाला नाही. का? कारण कायद्याच्या नजरेत ती पक्की वारस नव्हतीच. उद्या भाऊ जन्मला असता तर धाकटा असूनही तोच वारस ठरला असता. भाऊ होईपर्यंत तेवढी ती, असा हिशेब. राजगादीचा हा नियम बदलायला २०१३ साल उजाडलं. आता तिथे आधी जन्मलेलं मूल वारस, मुलगा असो की मुलगी. पण तिथल्या उमराव घराण्यांचे बहुतेक किताब अजूनही मुलाकडेच जातात.

एक अपवाद आपल्या ओळखीचा आहे. आपले शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांना दोन मुलीच होत्या. म्हणून त्यांना किताब देतानाच कागदात लिहिलं गेलं, की मुलगा नसल्यास तो मुलीकडे जावा. १९७९ साली त्यांची हत्या झाली आणि किताब थोरल्या मुलीकडे, पॅट्रिशियाकडे गेला. सांगायचं इतकंच, की कागदात लिहिलं तर मुलीला मिळतं.

आता आपल्या युवराजाच्या घरात येऊ. आझम जाहची बायको दुर्रुशेहवार. ती तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. १९२४ साली तिथलं खलिफापद बंद झालं आणि सगळं घराणं देशाबाहेर गेलं. तेव्हा ती दहा वर्षांची होती. १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात तिचं लग्न झालं आणि ती हैदराबादला आली. नवऱ्याला किताब मिळाला तशी ती ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ झाली, म्हणजे वऱ्हाडची युवराज्ञी. तिच्या नावाचं बायका-मुलांचं हॉस्पिटल हैदराबादमध्ये आहे. २००६ साली लंडनमध्ये ती वारली. जन्मानं मिळालेला मान बापाच्या गादीबरोबर गेला, लग्नानं मिळालेला मान नवऱ्याच्या नावावर होता. राजघराण्यातल्या बाईचं असं, मग आपल्यासारख्या घरातल्या बाईचं काय असेल?

आणि युवराजाला तरी काय मिळालं? निजामानं थोरल्या मुलाला बाजूला सारून नातवाला, मुकर्रम जाहला, वारस नेमलं. फेब्रुवारी १९६७ मध्ये निजाम वारला आणि भारत सरकारनं नातवालाच वारस म्हणून मान्यता दिली. ज्याला जगानं तीस वर्षं वऱ्हाडचा युवराज म्हटलं, त्याला ना वऱ्हाड मिळालं ना हैदराबादची गादी. १९७० मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, राज्यघटनेत दुरुस्ती होऊन संस्थानिकांची मान्यता आणि तनखे दोन्ही संपले. सरकारनं खानदानी किताब वाटू नयेत, हे तर १९५० पासूनच राज्यघटनेत लिहिलेलं आहे.

हे सगळं वर चाललं होतं तेव्हा खाली आपल्या जिल्ह्यात काय चाललं होतं? हा किताब मिळाला त्याच्या सहा वर्षं आधी, जुलै १९३० मध्ये, वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या जंगलात गवत कापून इंग्रजांचा जंगल कायदा मोडला. या रानातलं गवत आमच्या गुरांचं आहे, असं लोक म्हणत होते. ज्यांची जमीन होती ते विळा घेऊन उभे होते. ज्यांच्या नावावर ती लिहिली जात होती ते दूर महालात होते.

बायांनो, ही गोष्ट मी राजाराणीचं कौतुक म्हणून सांगितली नाही. युवराज गेले, किताब गेले, पण वारसाची ती जुनी रीत आपल्या घरातून गेली का? बाप वारला की तलाठ्याकडे वारसनोंद होते. पोरांची नावं चढतात. पोरीला विचारतात, तुला कशाला पाहिजे, तुला तर नवऱ्याघरी आहे. मग राखीची, माहेरपणाची आठवण काढून तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात. एलिझाबेथला भाऊ होईपर्यंत तरी हक्क होता. आपल्या पोरीला भाऊ असला की तो विषयच संपतो.

पण आपल्या कागदात आता लिहिलेलं आहे. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि सगळ्या देशानं २००५ मध्ये मान्य केला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मुलगी जन्मापासूनच मुलासारखी वाटेकरी आहे, २००५ साली बाप हयात असलाच पाहिजे असं नाही. मुस्लिम बहिणींना त्यांच्या वारसा कायद्यात वेगळ्या हिशेबानं वाटा आहे, मुलाच्या निम्मा. गोंड, कोलाम अशा आदिवासी बहिणींना मात्र हा हिंदू वारसा कायदा थेट लागू होत नाही, त्यांना आपल्या हक्काबद्दल वेगळा सल्ला घ्यावा लागतो.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या माहेरचा आणि सासरचा सातबारा काढून आणावा. त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते गटात बसून वाचू. आपलं नाव कुठे आहे ते शोधू. नसेल तर का नाही, ते विचारू. फेरफार कधी झाला आणि त्या वेळी आपली सही घेतली होती का, तेही बघू. आणि कोणी कागदावर सही मागितली, तर आधी कागद वाचून घ्यायचा, मगच पेन हातात घ्यायचा. बापाच्या जमिनीतला वाटा घ्यायचा की भावाला सोडायचा, हे ज्या त्या बहिणीनं ठरवावं. पण ते तिनं ठरवावं, तिच्या वतीनं दुसऱ्या कोणी नाही.

वऱ्हाडच्या युवराजाकडे वऱ्हाडचं नाव होतं, जमीन नव्हती. आपण त्या जमिनीत रोज निंदतो, कापूस वेचतो, पण नाव नाही. तेवढं आता कागदावर यायला पाहिजे.