हिरव्या लॉनखालचा इतिहास: डहाणू-तलासरीचे गवत कोणी कापले?

डहाणू, बोर्डी, तलासरी पट्ट्यात फार्महाऊस आणि रिसॉर्टच्या जाहिराती पाहा. बाराही महिने हिरवेगार लॉन हमखास दिसेल. जिथे जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो आणि पुढचे आठ महिने आभाळ कोरडे राहते, तिथे मे महिन्यातले हिरवे लॉन ही निसर्गाची कृपा नाही. ते कुणाच्या तरी पाण्यावर आणि कुणाच्या तरी घामावर उभे आहे. म्हणून आम्ही विचारतो: या मातीतल्या गवताचा इतिहास आपल्याला माहीत आहे का?

लॉन ही मुळात इंग्रज उमरावांची हौस. पिकाऊ जमीन नुसती गवताखाली ठेवायची ऐपत आपल्याकडे आहे, हे दाखवण्याची ती रीत. गवत कापायचे यंत्र १८३० साली आले. त्याआधी ती हिरवळ राखायला मजुरांचे हात राबत.

आपल्याकडे गवत हा शोभेचा नव्हे, नफ्याचा माल होता. डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातले गवत मुंबईच्या तबेल्यांतल्या गुरांसाठी जाई. जमीन सावकार-जमीनदारांची, गवत त्यांचे, पैसा त्यांचा. विळा मात्र वारल्याच्या हातात. कर्जापायी आणि लग्नासाठी घेतलेल्या उसनवारीपायी माणसे पिढ्यान्‌पिढ्या बांधली जात. त्यांना लग्नगडी म्हणत. वेठ म्हणजे बिनमजुरीचे काम, आणि नकार दिला तर मार.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. उंबरगावातून काही वारली तिथे गेले आणि आपली हकीकत सांगून आले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि ठरले: वेठ बंद, लग्नगडी बंद. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या सोबत होते.

पावसाळा संपला, गवत कापणीला आले. वारल्यांनी भाव सांगितला: ५०० पौंड गवताला अडीच रुपये. त्याशिवाय विळा उचलणार नाही. हिशोब करून पाहा. ५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे. एका आण्याला साडेपाच किलोहून जास्त गवत! एवढीच मागणी होती. तिला उत्तर मिळाले बंदुकीचे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण शहीद झाले. तरी संप मोडला नाही.

काही मित्र म्हणतात, हा तर लाल बावट्याचा इतिहास, आपला त्याच्याशी काय संबंध? आमचे उत्तर स्पष्ट आहे. वेठीविरुद्धची लढाई कुणा एका झेंड्याची मालमत्ता नाही. महार वतनाच्या नावाखाली आपल्या आजोबा-पणजोबांना रात्रंदिवस सरकारी आणि गावकीची कामे करावी लागत. गावात आलेल्या साहेबाच्या घोड्याची चाकरीसुद्धा त्यातच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच गुलामीविरुद्ध. १९३७ मध्ये त्यांनी खोतीविरुद्ध विधेयक आणले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत निघाला. आणि पुढे कम्युनिस्ट झालेले शामराव परुळेकर १९३७ साली निवडून आले होते ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे! संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. त्या कलमामागे महारवाड्याचा भोग आहे, तसाच वारलीपाड्याचाही.

पण एक प्रश्न डाव्यांनाही विचारला पाहिजे. हा लढा पुढाऱ्यांच्या नावाने जितका ओळखला जातो, तितका जेठ्या गांगड यांच्या नावाने का नाही? टिटवाळ्याला वारली स्वतः गेले. विळा वारल्यांनी खाली ठेवला. गोळी वारल्यांनी झेलली. ज्यांनी इतिहास घडवला त्यांची नावे पहिल्या ओळीत हवीत.

स्वातंत्र्यानंतरही गवताचा प्रश्न सुटला नाही. शेजारच्या पारडी तालुक्यात जमीनदारांनी हजारो एकर जमीन गवताखाली ठेवली होती. गवताला कूळ लागत नाही, मशागत लागत नाही, कापणीपुरते मजूर पुरतात. शेजारी आदिवासी उपाशी. १ सप्टेंबर १९५३ रोजी ईश्वरभाई देसाई आणि अशोक मेहता यांच्या नेतृत्वाखाली आदिवासींनी त्या गवताळ जमिनीत धान्यासाठी नांगर घातला. तो लढा १९६७ पर्यंत चालला. प्रश्न एकच होता: जमीन माणसाच्या पोटासाठी की मालकाच्या गवतासाठी?

आता पुन्हा लॉनकडे या. हजार चौरस फूट लॉनला उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी दिले तर ४६० लिटरहून अधिक लागते. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटर आहे. म्हणजे एक छोटे लॉन आठ माणसांचे पाणी पिते. त्याच तालुक्यात बाया हंडे घेऊन पाण्यासाठी चालतात.

आम्ही हिरवळीचे शत्रू नाही. अंगण हवे तर हरळी लावा. ही आपल्या मातीतली आहे. उन्हाळ्यात पिवळी पडते, पण मुळे जिवंत असतात आणि पहिल्या पावसात ती पुन्हा उठते. तिला फार खोल कापू नका. पाणी द्यायचेच तर पहाटे, काही दिवसांच्या अंतराने, मुळापर्यंत पोचेल असे द्या. मे महिन्यात पिवळे अंगण ही लाज नाही. शेजारचा पाडा तहानलेला असताना हिरवे ठेवलेले लॉन ही लाज आहे.

तरुण कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. आपल्या भागातल्या रिसॉर्टवर राबणाऱ्या माळ्याला किमान वेतन मिळते का, हजेरी लागते का, ते विचारा. तिथल्या बोअरवेलचे पाणी किती उपसले जाते, हा प्रश्न ग्रामसभेत मांडा. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार दिले आहेत, ते वापरा. आणि १० ऑक्टोबरला जेठ्या गांगड आणि त्यांच्या साथींना अभिवादन करायला विसरू नका.

गवत कापणाऱ्याने १९४५ साली आपल्या घामाचा भाव स्वतः सांगितला होता. आज लॉन कापणाऱ्यालाही तो सांगता आला पाहिजे.

जय भीम! जोहार!