श्यामची आई : ग्रंथांतली आणि पडद्यावरची



मराठी घरांत मूल वाचूं लागलें म्हणजे जीं पुस्तकें त्याच्या हातीं हमखास येतात, त्यांत साने गुरुजींचें ‘श्यामची आई’ हें एक आहे. त्याच घरांत त्या नांवाचा चित्रपटही कोणी ना कोणी पाहिलेला असतो. त्यामुळें ‘श्यामची आई’ म्हटलें म्हणजे ती पुस्तकांतली कीं पडद्यावरची, हा प्रश्नच आपल्याला पडत नाहीं. आज तो मी मुद्दाम विचारणार आहें. कारण या दोन आया अगदीं एक नव्हेत, आणि एकीला पाहिलें म्हणजे दुसरी समजली असें मानण्यांत आपल्या मुलांचें नुकसान आहे.

पुस्तकाचा जन्म तुरुंगांतला. फेब्रुवारी १९३३ मध्यें गुरुजी नाशिकच्या कारागृहांत होते. तेथें अवघ्या पांच दिवसांत त्यांनीं या ग्रंथाचा बहुतेक भाग लिहून काढला. १९३५ सालीं तो प्रसिद्ध झाला. त्यांची आई यशोदाबाई १९१७ सालींच निवर्तली होती. म्हणजे पालगडच्या त्या माउलीला जाऊन पंधरा वर्षें उलटल्यावर, तेहतीस वर्षांचा एक कैदी तिची आठवण सांगत होता.

या एका गोष्टीनें पुस्तकाचा सारा घाट ठरला आहे. त्यांत प्रकरणें नाहींत, ‘रात्री’ आहेत, एकंदर बेचाळीस. आश्रमांतली सायंप्रार्थना आटोपते, मित्र व गांवकरी भोंवतीं बसतात आणि प्रौढ श्याम बोलूं लागतो. लहान श्याम हट्ट करतो, खोटें बोलतो, पैसे चोरतो. परंतु तें सांगणारा श्याम मोठा आहे आणि आई आतां नाहीं हें त्याला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक गोष्टीच्या तळाशीं पश्चात्ताप आहे.

चित्रपट निघाला १९५३ सालीं. गुरुजींनीं ११ जून १९५० रोजीं इहलोक सोडला होता. तो पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें. तो काढला आचार्य अत्र्यांनीं. ‘झेंडूचीं फुलें’ लिहून महाराष्ट्राला हंसविणाऱ्या लेखकानें हा विषय हातीं घ्यावा याचें कोणाला नवल वाटेल. मला तें वाटत नाहीं. गुरुजींनीं अमळनेरच्या शाळेंत सहा वर्षें मुलांना शिकविलें. अत्रे पुण्याच्या कँपांतील शाळेचे मुख्याध्यापक होते. दोघेही मूळचे शिक्षक. मुलाचें मन कोठें दुखतें आणि कशानें फुलतें, हें दोघांनाही ठाऊक होतें.

वनमालाबाईंची आई, माधव वझे यांचा श्याम आणि वसंत देसाई यांचें संगीत असा तो योग जुळला. द्रौपदी आणि कृष्ण यांच्या बंधुप्रेमाचें त्यांतील गीत आशा भोसले यांच्या कंठांतून घरोघर गेलें. १९५४ सालीं राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकें प्रथमच दिलीं गेलीं. त्यांतलें राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला लाभलें.

मग फरक कोठें पडला? शाळेंत हें पुस्तक वाचून दाखवीत असतां एका मुलानें मला विचारलें होतें, “गुरुजी, आई वारली आहे हें पुस्तकांत आधींपासूनच कळतें, मग सिनेमांत ती गेल्यावर आम्ही एवढे कां रडलों?” प्रश्न साधा, पण नेमका होता. पडद्यावर घटना आपल्या समोर घडते. छपून बसलेल्या श्यामला आई फोकानें मारते आणि विहिरीवर पोहायला पाठविते, तेव्हां आपल्याला तो फोक दिसतो आणि मुलाची भीति दिसते. पुस्तकांत तोच मार आपण कृतज्ञ मुलाच्या तोंडून ऐकतों. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणूं नये ही तिची तळमळ त्या माराच्या आधींच आपल्या मनांत उतरते. चित्रपटानें आपल्याला आईचा वियोग भोगायला लावला. पुस्तकानें तो वियोग पचविलेल्या मुलाशेजारीं आपल्याला बसविलें.

दुसरा फरक याहून मोठा आहे. अडीच तासांच्या खेळाला शेवट लागतो, आणि आईचा मृत्यु हाच त्याचा स्वाभाविक शेवट. बेचाळीस रात्रींच्या कथेचा खरा शेवट मात्र पुस्तकाबाहेर आहे. एका रात्रीं श्याम सांगतो कीं, वाटेंत एका अस्पृश्य म्हातारीची मोळी पडली होती. ती उचलून द्यायला आईनेंच त्याला पाठविलें. घरीं येऊन स्नान कर, असेंही तिनें सांगितलें. म्हणजे रूढि तिच्यानें पुरती सुटली नव्हती. पण माणुसकी तिनें रूढीच्या वर ठेवली. पुढें मे १९४७ मध्यें पंढरपूरचें विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलें व्हावें म्हणून तिच्या मुलानें प्राण पणाला लावून उपोषण केलें, आणि मंदिर खुलें झालें. आईनें अर्धी चाललेली वाट मुलानें पुरी केली. हें सूत्र बेचाळीस रात्री सावकाश वाचणाऱ्याच्याच हातीं लागतें.

याचा अर्थ चित्रपट कमी प्रतीचा असा नव्हे. ज्या घरांत पुस्तक कधीं गेलें नसतें, तेथें त्यानें ती आई नेली. २०२३ सालीं सुजय डहाके यांनीं ती कथा कृष्णधवल रंगांत पुन्हां पडद्यावर आणली आणि ओम भूतकर यांना साने गुरुजींची भूमिका दिली. कथा सांगणारा प्रौढ श्याम विसरून चालणार नाहीं, असें नव्या पिढीलाही वाटलें, याचा मला आनंद आहे.

माझें सांगणें इतकेंच. मुलांना चित्रपट अवश्य दाखवा. पण आधीं पुस्तक वाचा, आणि तें लिहिलें आहे तसेंच वाचा. दिवेलागणीनंतर, रोज एक रात्र, मोठ्यानें, सगळे मिळून. पडद्यापुढें आलेले अश्रु दिवे लागतांच सुकतात. रोज थोडें ऐकून मनांत मुरलेली आई मात्र, वाटेंत कोणाची मोळी पडलेली दिसली म्हणजे, आपल्याला वाकायला लावते.