पोरीनं कबड्डी खेळून पोट भरतं का?

आम्ही बोरीवलीत बचत गटांचं काम बघतो. मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, आणि एक ताई हळूच म्हणाल्या, "आमची पोरगी आठवीत आहे, कबड्डी चांगली खेळते. खेळू देऊ की बंद करू? खेळून पोट भरतं का?" त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हणून आपल्या राज्यातल्या बायकांच्या कबड्डीचा इतिहास शोधला. तोच आज सांगतो.

बायकांची कबड्डी कालपरवाची नाही. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून होते आहे. महाराष्ट्राच्या शकुंतला खटावकर यांना १९७८-७९ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. आज सत्तरीला आलेल्या आपल्या आज्या तरुण होत्या, त्या काळातली ही गोष्ट. आशियाई खेळांत मात्र पुरुषांची कबड्डी १९९० साली आली आणि बायकांची २०१० साली. मध्ये वीस वर्षं गेली. त्या वीस वर्षांत ज्या पोरी उत्तम खेळल्या, त्यांना हे मैदान मिळालंच नाही.

आता एका खेळाडूची वाटचाल बघू. मुंबईच्या अभिलाषा म्हात्रे. २०१२ साली पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारतानं इराणला २५-१९ असं हरवलं. त्या संघात आपल्या राज्याच्या तिघी होत्या : अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ. राज्य सरकारनं तिघींना प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर केले. कबड्डी खेळणाऱ्या बाईच्या नावापुढे एवढी रक्कम लोकांनी कधी ऐकली नव्हती. पुढे २०१४ साली इंचॉनच्या आशियाई खेळांत भारतानं पुन्हा इराणला हरवून सुवर्ण घेतलं. अभिलाषाताई त्याही संघात होत्या. २०१५ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

विश्वचषक, सुवर्ण, अर्जुन. याहून मोठं काय असतं? आणि तरी त्या ताईंचा प्रश्न उरतोच. पदक वर्षा-दोन वर्षांनी येतं, किराणा दर महिन्याला भरावा लागतो.

२०१४ साली पुरुषांची प्रो कबड्डी सुरू झाली. पहिला सामना आपल्या मुंबईतच, वरळीला झाला. खेळाडूंचे लिलाव झाले, घराघरांत टीव्हीवर कबड्डी दिसू लागली. २०१६ साली त्याच प्रो कबड्डीबरोबर महिलांची स्पर्धा घेतली. संघ तीनच होते : फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. आइस दिवाजच्या कर्णधार अभिलाषाताई होत्या. ३१ जुलैला हैदराबादेत अंतिम सामना झाला आणि स्टॉर्म क्वीन्सनं तो २४-२३ असा, एका गुणानं जिंकला. सामना चुरशीचा नव्हता असं कोणी म्हणू शकणार नाही. पण त्या स्पर्धेचा दुसरा हंगाम आलाच नाही. पुरुषांची प्रो कबड्डी चालू राहिली.

यावर लोक म्हणतात, बायकांचा खेळ बघायला कोण येतं? ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. तिथे लांबट चेंडूनं, हातानं आणि पायानं खेळायचा त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे. २०१७ साली त्यांनी बायकांची लीग सुरू केली, आठ संघांची. मेलबर्नच्या पहिल्या सामन्याला चोवीस हजारांवर लोक आले, फाटक बंद करावं लागलं. मानधन सुरुवातीला तुटपुंजं होतं, बऱ्याच जणी नोकरी सांभाळून खेळत. पण लीग बंद केली नाही. २०२२ पर्यंत संघ अठरा झाले. धंदा पहिल्या वर्षी फायद्यात आला नाही म्हणून गट मोडायचा नसतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

मग आपल्याकडच्या पोरी टिकतात कशावर? लोअर परळच्या सोनाली शिंगटे यांचं घर बघा. वडील सुरक्षारक्षक, आई खानावळ चालवायची. बुटांनाही पैसे नव्हते. शिवशक्ती महिला संघात त्या शिकल्या, प्रशिक्षक राजेश पाडावे यांनी बूट आणि साहित्य दिलं. पुढे त्यांना पश्चिम रेल्वेत नोकरी लागली, म्हणजे आमच्या बोरीवलीवरून लोकल धावते त्याच रेल्वेत. २०१८ च्या आशियाई खेळांत रौप्य जिंकणाऱ्या भारतीय संघात त्या होत्या. त्यांच्या पदकात त्या खानावळीच्या डब्यांचाही वाटा आहे, असं आम्हाला वाटतं.

तर त्या ताईंना आमचं उत्तर असं : नुसत्या खेळानं पोट भरेल असं आज छातीठोक सांगता येत नाही. पण खेळानं नोकरीचं दार उघडतं. रेल्वे, पोलीस, बँका खेळाडूंना घेतात. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. म्हणून पोरीचा प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवा. खेळू द्या आणि शाळाही सोडू देऊ नका. नोकरीच्या अर्जाला दोन्ही लागतं.

गटानं काय करावं? बुटांसाठी हजार-दोन हजारांचं अंतर्गत कर्ज द्यायला हरकत नाही. गावात स्पर्धा असली की मंडळाला दोन गोष्टी विचारा : मुलींना कपडे बदलायला आडोसा आहे का, आणि त्यांचा सामना कधी ठेवला आहे? आम्ही एका स्पर्धेला गेलो होतो. मुलींचे सामने भर दुपारी, रिकाम्या खुर्च्यांपुढे. मुलांचे रात्री, दिव्यांच्या झगमगाटात. नंतर तेच लोक म्हणाले, बायकांचा खेळ बघायला कोणी येत नाही. पुढच्या वर्षी आम्ही पंचवीस जणी दुपारीच जाऊन पुढच्या खुर्च्यांवर बसलो. तुम्हीही बसा.

ती आठवीतली पोरगी अजून खेळते आहे. तिच्या आईनं परवा बुटांसाठी अर्ज दिला. गटानं तो मंजूर केला.